कुणाचं काम करत होतास?

आमच्या ऑफिसात ‘अपघात’ म्हणायला बंदी होती. म्हणायचं ‘प्रसंग’. मी नवीन होते तेव्हा एका कागदावर ‘अपघात’ टाईप केलं, तर साहेबांनी तो कागद मेलेलं झुरळ धरावं तसा चिमटीत धरून माझ्यासमोर आणला. “बाई, अपघात म्हटलं की भरपाई आलीच मागोमाग. प्रसंग म्हणावं. प्रसंग कुणावरही येतो, त्याला कोण काय करणार?” तेव्हापासून माझ्या कीबोर्डवर कुणाचा हात प्रसंगात गेला, कुणाचा पाय प्रसंगात गेला, आणि एक जण तर प्रसंगाने भाजून मेला. शी! आजही आठवलं की तोंड कडू होतं.

साहेब वकील होते. अजूनही आहेत म्हणा, पण मी ते ऑफिस सोडलं. त्यांना साहेब म्हणते ती सवय आहे, आदर नव्हे. कारखान्यात माणसाला इजा झाली, मालकानं हात वर केले आणि माणूस कामगार न्यायालयात गेला, की मालकाच्या बाजूनं उभे राहायचे ते आमचे साहेब. नाशकात सातपूरपासून अंबडपर्यंतचे कारखान्यांचे मालक त्यांना देवमाणूस म्हणायचे. कपाळाला गंध, अंगाला कापराचा वास, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं हा आता आपल्या डोक्यावरून हात फिरवणार. मी त्यांची टायपिस्ट. त्यांनी सांगितलेलं टाईप करायचे, पोटासाठी करायचे, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाहीये.

खरं तर हा कायदा अगदी सरळ आहे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, तर मालकानं भरपाई द्यायची. चूक कुणाची होती, हे बघायचंच नाही. मग भांडायला उरतं काय? दोनच गोष्टी. एक, त्या वेळी तो माणूस खरंच कामावर होता का. आणि दुसरी, त्या इजेमुळे त्याची कमाई किती बुडाली. या दोन फटी. या दोन फटींतून साहेबांनी उभी हयात काढली आणि गंगापूर रोडला बंगला बांधला.

पहिल्या फटीसाठी त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. उलटतपासणीला उभे राहिले की मान जराशी तिरकी करून, अगदी मायेनं विचारायचे, “बाळ, त्या वेळी तू नेमकं कुणाचं काम करत होतास?” समोरचा गडबडायचा. कोणी म्हणायचं, पाणी प्यायला चाललो होतो. झालं! पाणी म्हणजे स्वतःच्या तहानेचं काम. कोणी म्हणायचं, फोरमननं त्याची गाडी पुसायला सांगितली होती. म्हणजे फोरमनचं काम, मालकाचं नव्हे. जज्ज हे असलं बऱ्याचदा मानायचे नाहीत. पण तोवर तारखांवर तारखा पडायच्या, माणूस दमायचा आणि मिळेल त्यावर सही करून गावाकडे निघून जायचा. साहेब त्याला ‘निकाल लागला’ म्हणायचे.

हा प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की घरीदारी तोच. आमचे शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणायचो, साहेबांसाठी पेरू कापत होते. सुरी सटकली, बोट कापलं, रक्त थांबेना. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “मामा, पेरू कुणाचा?”

“तुमचाच की साहेब.”

“माझा. म्हणजे खासगी. ऑफिसचा नव्हे. लक्षात असू द्या.”

मी ड्रॉवरमधली पट्टी काढून मामांच्या बोटाला गुंडाळली. ती पट्टी ऑफिसची होती, हे त्यांनी मला वर बोलून दाखवलं. एकदा त्यांच्या मिसेसचा हात पुरणपोळी लाटताना तव्याला लागून भाजला. तेव्हाही यांनी म्हणे तोच प्रश्न विचारला, कुणाचं काम करत होतीस? हा किस्सा ते स्वतः हसत हसत सांगायचे. वहिनी शेजारी असायच्या, त्या हसत नसत.

आणि एवढं सगळं करून माणूस देवभोळा! कायद्याच्या पुस्तकाचं पान उलटायला कुणी जिभेला बोट लावलं की अंगावर यायचे. “सरस्वती आहे ती. उष्टी करता?” त्यांच्या टेबलावर चांदीची इवलीशी वाटी असायची, त्यात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी. मामांनी रोज सकाळी रामकुंडावर जाऊन आणायचं. त्यात बोट बुडवून साहेब पान उलटणार, तेच बोट डोळ्यांना लावणार आणि मग कुणाचं तरी बोट कसं फारसं उपयोगाचं नव्हतं ते शोधणार. रामकुंडाचं पाणी कसं असतं हे नाशिककराला सांगायला नको. ती पुस्तकं पावसाळ्यात अशी घाण वास मारायची की मी पदर नाकाला लावून बसायचे.

त्यात मी डावखुरी. हे त्यांना कळलं त्या दिवसापासून माझ्यामागे साडेसाती लागली. फाईल डाव्या हातानं पुढे केली की घ्यायचे नाहीत. रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर बघत बसायचे. मग मी फाईल उजव्या हातात घ्यायची, मग ते घेणार. “लक्ष्मी, सरस्वती, अन्न, हे उजव्यानं द्यावं बाई. डावा हात कशासाठी असतो ते घरात कुणी शिकवलं नाही का?” टाईप करताना मात्र माझे दोन्ही हात चालत त्यांना. डाव्या बोटांनी मारलेली अक्षरं विटाळत नव्हती.

दसऱ्याला ऑफिसात शस्त्रपूजा असायची. सैनिकाची तलवार, शेतकऱ्याचा नांगर, तसं वकिलाचं शस्त्र पुस्तक, असं साहेब म्हणायचे. सगळी पुस्तकं काढून पाटावर मांडायची, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, आरती. कोर्टाला सुट्टी, बँकेला सुट्टी, आम्हाला नाही. एका दसऱ्याला माझ्या आईला ताप होता म्हणून मी गेले नाही. तर आठवडाभर साहेब माझ्याशी अबोला धरून! मी समोर बसलेली, आणि डिक्टेशन मामांना सांगायचे, मामांनी मला सांगायचं. “पूजा चुकवणारी बाई काम पण चुकवणार,” हेही मामांमार्फतच कळलं. मामा बिचारे सांगतानाच इतके लाजले की मलाच हसू आलं.

अशा माणसाकडे ती दसऱ्याची केस आली.

अंबडला एक छोटी शेड होती. पत्र्याचे भाग ठोकून काढायची प्रेस मशीन, हाताखाली थोडी माणसं. कामगार विमा लागू होऊ नये म्हणून मालकानं हजेरीवर निम्मीच दाखवलेली. तिथे हरसूलकडचा एक जण प्रेसवर होता. दसऱ्याला सकाळी मालकानं सगळ्यांना पूजेला बोलावलं. चपला बाहेर काढल्या, मशीन धुतल्या, माळा घातल्या. त्या शेडमधली पद्धत अशी, की पूजा झाली की मालकानं स्वतः प्रेसला एक रिकामा ठोका द्यायचा, वर्षाच्या शुभारंभाचा. प्रेस पायाच्या पेडलवर चालायची. हा माणूस वाकून ठोक्याखालच्या साच्यावर विडा ठेवत होता. सुपारी घरंगळत होती, ती बसवत होता. आणि पलीकडे मालक उभे, अनवाणी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. आरती संपली, मालकांना वाटलं सगळं आवरलं. डोळे न उघडता, देवाचं नाव घेऊन, त्यांनी पाय पेडलवर ठेवला.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला.

मालक आमच्या ऑफिसात येऊन रडले, हे खरं आहे. मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं चला, आहे अजून माणूस जिवंत. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “रडताय काय? सुट्टीचा दिवस होता!” मालकांचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

मग साहेबांनी मला सांगायला सुरुवात केली. सदर दिवशी दसऱ्यानिमित्त कारखान्यास सुट्टी होती. अर्जदार हा आपल्या धार्मिक भावनेपोटी व प्रसादाच्या ओढीने, स्वेच्छेने आला होता. सदर प्रसंगी तो मालकाचे नव्हे, तर देवाचे काम करीत होता. हे ‘देवाचे काम’ त्यांना इतकं आवडलं की मला ते वाचून दाखवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. प्रसादाच्या ओढीने! चार जिलब्यांसाठी कोण चार बोटं देतं हो?

हे झालं पहिल्या फटीचं. दुसरीही त्यांनी सोडली नाही. या कायद्यात एक तक्ता आहे. कुठला अवयव गेला की माणूस किती गेला, ते त्यात लिहिलेलं असतं. एका हाताची चार बोटं म्हणजे निम्मा माणूस. पण प्रेसवर काम करणाऱ्याला चार बोटांशिवाय कुठला कारखाना घेणार? म्हणून त्याच्या बाजूचं म्हणणं असं, की याची कमाई निम्मी नाही, पूर्णच बुडाली, भरपाईही पूर्ण द्या. त्यावर साहेबांनी सांगितलं, “लिहा. अर्जदाराचा डावा हात पूर्णपणे शाबूत असून डाव्या हाताने सर्व प्रकारची कामे उत्तम रीतीने करता येतात.”

माझी बोटं थांबली. मी वर बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी टाईप केलं, प्रिंट काढली आणि कागद पुढे केला, मुद्दाम डाव्या हातानं. साहेबांनी हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तो माणूस आणि त्याची बायको दर तारखेला हरसूलहून पहाटेच्या एसटीनं यायचे. आमचं ऑफिस कोर्टासमोरच्या इमारतीत, पॅसेजमध्ये एक बाकडं होतं, सावलीला तिथे येऊन बसायचे. आपण ज्याच्याशी भांडतोय त्या वकिलाचंच हे ऑफिस, हे त्यांना माहीत होतं, पण बाकड्याशी त्यांचं भांडण नव्हतं. मी पाणी नेऊन द्यायचे. बायको बोलकी, तो गप्प. दुपारी ती भाकरी सोडायची, की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.

“डाव्या हातानं खातो ना ताई, लाजतो,” ती म्हणाली. “गावात पंगतीला जात नाय आता. बोलावलं तरी नाय. पोरीच्या साखरपुड्याला घरातच बसून राहिला.”

“पुढे काय करायचं ठरवलंय?” मी विचारलं.

“पिठाची गिरणी टाकायची. आमच्या पाड्यावर नाय ना गिरणी. वर दाणे वतायचे, खालून पीठ घ्यायचं, एक हात पुरंल. पण पुरी भरपाई भेटली तर. जज्जसाहेबाच्या हातात हाय समदं.” मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “कारखान्यात हा कोनाला नको. गिरणी झाली तर ह्याचं तोंड तरी भिंतीवरनं हटंल.”

मी आत येऊन बसले तेव्हा साहेब पुस्तकाला फुलं वाहत होते. मला असं वाटलं की ती चांदीची वाटी उचलावी आणि त्यांच्या डोक्यावर पालथी घालावी.

मालकांची साक्ष होती त्या दिवशी फाईली घेऊन मी कोर्टात होते. साहेबांनी मालकांकडून आधी घोकून घेतलं होतं. पूजेला येणं ऐच्छिक. काय म्हणायचं? ऐच्छिक. मालक सोवळ्यात मंत्र म्हणावा तसे ओठ हलवत पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. त्या माणसाच्या बाजूनं एक वकीलबाई होत्या, किरकोळ अंगाच्या, सर्दी झालेली, हातात रुमाल. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

“पूजेला येणं सक्तीचं होतं का?” बाईंनी विचारलं.

“नाही. ऐच्छिक.”

“कुणी नाही आलं तरी चालतं?”

“चालतं.”

“मशीन कुणी धुतली नाही, तरी चालतं?”

मालकांनी साहेबांकडे बघितलं. “चालतं,” जरा हळू आवाजात.

“चपला घालून कुणी आरतीला उभं राहिलं तर?”

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल.

बाईंनी नाक पुसलं आणि अगदी सहज म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडची पूजा ही अशीच. नावापुरती, फोटोपुरती. आलं तर आलं, नाही तर नाही.”

आणि साहेब उठले! कुणी त्यांच्या आईला शिवी दिल्यासारखे उठले. “हरकत आहे! भावना दुखावल्या जात आहेत! शस्त्रपूजा म्हणजे काय चहापान आहे का, वाटलं तर यावं? असं कुठे चालतं? कुठल्या घरात चालतं?”

मालकांच्या जिवात जीव आला. इतका वेळ कोंडलेला माणूस एकदम मोकळा झाला. “तेच म्हणतो मी! आमच्याकडे असलं काही चालत नाही! जो पूजेला येत नाही त्याला दुसऱ्या दिवशी मी मशीनला हात लावू देत नाही. गेटवरनं परत! देवाधर्माच्या बाबतीत आपण कुणाचं ऐकून घेत नाही, सांगून ठेवतो!”

जज्जनी चष्मा काढला. “पुन्हा सांगा. सावकाश.”

मालकांनी पुन्हा सांगितलं, छाती पुढे काढून, आणखी जोरात. जज्जनी ते शब्दाशब्दानं लिहून घेतलं. वकीलबाई म्हणाल्या, “माझे प्रश्न संपले.” साहेब खाली बसले. त्यांनी पान उलटायला सवयीनं टेबलावर बोट पुढे केलं, पण वाटी ऑफिसात होती. बोट कोरडंच राहिलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मला इतका आनंद झालाय.

परत येताना रिक्षात म्हणाले, “मालक मूर्ख निघाला.” मी म्हटलं, “हो साहेब, एक मूर्ख तोही होता.” त्यांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल.

निकाल लागला. पूजेला न येणाऱ्याला मालक कामावर घेत नसेल, तर ती पूजा हेही मालकाचंच काम, असं जज्जनी लिहिलं. भरपाई द्या. पण किती? तिथे साहेबांचा डावा हात उपयोगी पडला. अर्जदाराचा डावा हात शाबूत आहे, तो इतर कामं करू शकतो, तेव्हा तक्त्याप्रमाणे निम्मी. पॅसेजमध्ये मी त्या बाईला विचारलं, तर म्हणाली, “निम्म्यात गिरणी येती का ताई?” तिनं नवऱ्याचा सदरा नीट केला आणि दोघं एसटी गाठायला निघून गेले.

आत साहेबांनी पेढे मागवले. “निम्मा तरी वाचवला,” म्हणाले. मला पेढा दिला. मी डावा हात पुढे केला, तर तो पेढा परत बॉक्समध्ये गेला. बरंच झालं.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा पूजा. वाटलं होतं, एवढं नाक कापलं गेल्यावर तरी ‘ज्याला यायचं त्यानं यावं’ म्हणतील. कसलं! सकाळी सकाळी सगळे हजर. आरती झाली, पुस्तकांवर झेंडूचा ढीग, साहेब खुर्चीत, कपाळावर ताजं गंध. आणि दारात तो माणूस आणि त्याची बायको. डोंगरातून आपट्याच्या फांद्या आणून दोघं खाली रस्त्याकडेला विकायला बसले होते. वर आले ते मला सोनं द्यायला. पाण्याची आठवण ठेवून. मला दिलं, मामांना दिलं. सणाचा दिवस, समोर बसलेल्या माणसाला कसं वगळायचं, म्हणून तो साहेबांच्या टेबलापाशीही गेला. वाकला आणि पानं पुढे केली.

“सोनं घ्या सायेब.”

साहेबांचे दोन्ही हात मांडीवर गेले.

“अरे, सणासुदीला सोनं डाव्या हातानं देतात का? एवढंही कळत नाही?”

तो ओशाळला. “चुकलं सायेब,” म्हणाला आणि पानं घाईघाईनं उजव्या हातात घ्यायला गेला. अंगठा आणि तळवा यांच्यात धरायला बघितलं. धरवेनात. पानं जमिनीवर सांडली. त्याची बायको दारात होती, तिनं मान दुसरीकडे फिरवली. साहेब म्हणाले, “असू दे, असू दे,” आणि उचला म्हणून मामांना खूण केली.

मी उठले. मामांना म्हटलं, तुम्ही थांबा. खाली बसून एकूणएक पान गोळा केलं, डाव्या हातात घेतलं आणि त्या कायद्याच्या पुस्तकावर, झेंडूच्या शेजारी, डाव्या हातानंच ठेवलं.

“डाव्या हातानं सगळं उत्तम जमतं साहेब. तुम्हीच सांगितलंत, मीच टाईप केलं, कोर्टानं मान्य केलं.”

साहेबांचा मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला. “बाई! तुम्ही इथे नेमकं कुणाचं काम करता?”

“आज कुणाचंच नाही,” मी म्हटलं. “आज दसरा. सुट्टी असते.”

पर्स उचलली आणि त्या दोघांबरोबर जिना उतरले.